गाळाची साक्ष

नदी बिघडली हे आपण कशावरून ओळखतो? पाण्याचा रंग पाहतो, वास घेतो. पण कुणी रात्री घाण पाणी सोडलं, तर सकाळी घाटावर काय सापडणार? पाणी पुढे गेलेलं असतं. गाळ मात्र जागेवर राहतो आणि त्यात राहणारे बारीक जीवही तिथंच असतात. त्यांची साक्ष कशी काढायची, हे माणसाला कसं कळलं, त्याची हकीकत आज सांगतो.

अमेरिकेतलं शिकागो शहर मिशिगन सरोवराचं पाणी पितं. शहराची घाणही त्याच सरोवरात जाई. तेव्हा मोठा कालवा खोदून १९०० साली शिकागो नदीचा प्रवाहच उलटा फिरवला. घाण इलिनॉय नदीत आणि पुढे मिसिसिपीत जाऊ लागली. शहराची सोय झाली. पण खालच्या अंगाच्या लोकांनी काय करावं? मिसुरी राज्य फिर्याद घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेलं. रसायनशास्त्रज्ञांच्या, जंतुशास्त्रज्ञांच्या साक्षी झाल्या. १९०६ साली पुरावा अपुरा ठरला आणि मिसुरी हरलं.

इकडे जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन या दोघांनी १९०९ साली एक यादी छापली. सडक्या पाण्यात कोणते प्राणी तग धरतात आणि स्वच्छ पाण्यात कोणते, याची ती प्रतवारी होती. इलिनॉय नदीवर फोर्ब्स आणि रिचर्डसन हे प्राणिशास्त्रज्ञ असंच काम करीत होते. रिचर्डसनने १९१३ ते १९२५ या काळात नदीचा तळ तपासला. गाळ उचलायचा, चाळणीत धुवायचा, उरलेले जीव मोजायचे, एवढंच काम; पण ते वर्षानुवर्षं चिकाटीनं केलं. स्वच्छ पाण्यातल्या गोगलगायी आणि किड्यांच्या अळ्या नाहीशा होत गेल्या. त्यांच्या जागी सुतासारखे तांबडे किडे माजले. घाण खाली सरकत होती आणि तिची नोंद गाळात होत होती.

याचं कारण साधं आहे. घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. तांबड्या किड्यांच्या रक्तात आपल्यासारखाच लाल पदार्थ असतो; त्यामुळे थोड्या प्राणवायूवरही त्यांचं भागतं. इतरांचं भागत नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. हे जीव कुजण्याची वर्दी देतात. रोगजंतूंची खात्री देत नाहीत. अळ्या दिसल्या म्हणून पाणी पिण्याजोगं ठरत नाही.

गुरुजींना एक सुचवावंसं वाटतं. उन्हाळ्यात मुलांना ओढ्यावर न्या. गावाच्या वरच्या अंगाचा मूठभर गाळ आणि खालच्या अंगाचा मूठभर गाळ दोन थाळ्यांत धुऊन पाहा, मग हात साबणानं धुवा. काय दिसलं ते तारखेसह वहीत लिहा आणि दरसाल लिहीत जा. पुढं कधी गावाला दाद मागावी लागली, तर ती वही कामी येईल.