गोळीचें टोंक आणि गोळीचें बूड

नेम चुकला म्हणजे मनुष्य प्रथम वाऱ्याला दोष देतो, मग बंदुकीला, आणि सर्वांत शेवटीं गोळीला. गोळीला दोष द्यावयाचा झाला तरी तो तिच्या टोंकाला. कारण पुढें जातें तें टोंक, हवा कापतें तें टोंक, आणि पाहणाराच्या डोळ्यांत भरतें तेंही टोंकच. बाणाच्या फाळाला धार लावीत होते त्या काळापासून चालत आलेली ही समजूत आहे. ती कितपत खरी, याचा निवाडा होण्यास मात्र विसावें शतक उजाडावें लागलें.

पूर्वीं गोळीला टोंकच नव्हतें. शिशाची वाटोळी गोळी गुळगुळीत नळींतून सुटे. ती नळीहून अंमळ लहान असल्यामुळें आदळत आपटत बाहेर पडे, आणि शंभर यार्डांपलीकडे एका ठराविक माणसाला टिपणें हा दैवाचा भाग होता. नळीला आंतून पेचदार चरे पाडले तर गोळी स्वतःभोंवतीं फिरते व सरळ जाते, हें युरोपांतील शिकाऱ्यांना ठाऊक होतें. परंतु चऱ्यांत घट्ट बसणारी गोळी नळीच्या तोंडाकडून ठोकून ठोकून भरावी लागे, आणि रणांगणावर तेवढी सवड शत्रु कोठून देणार?

ही अडचण सोडविणारा धागा हिंदुस्थानांत सांपडला, हें आपल्याकडे फारसें कोणास माहीत नाहीं. ब्रिटिश सैन्यांतील कॅप्टन जॉन नॉर्टन हा दक्षिण हिंदुस्थानांत असतांना त्यानें तेथील लोकांच्या फुंकनळ्या पाहिल्या. त्यांतील बाणाच्या बुडाला लवचिक भेंड लावलेलें असे. फुंकर बसतांच तें नळीच्या अंगाला चिकटे व वारा बाजूनें निसटत नसे. त्यावरून नॉर्टननें १८२३ च्या सुमारास पुढें निमुळती व मागें पोकळ अशी लांबट गोळी योजिली. भरतांना ती सैल. दारूचा स्फोट झाला कीं पोकळ बूड फुगून चऱ्यांत घट्ट! लष्करी खात्यानें ती नाकारली. १८३६ सालीं विल्यम ग्रीनरनें तीच कल्पना सुधारून पुढें मांडली, तीही नाकारली. १८४९ सालीं मिन्ये नांवाच्या फ्रेंच अधिकाऱ्यानें तसलीच गोळी केली, तेव्हां मात्र ब्रिटिश सरकारनें त्याला २०,००० पौंड मोजले. ग्रीनरला पुढें १८५७ सालीं १,००० पौंड मिळाले. घरच्या माणसाचें शहाणपण परक्याच्या तोंडून आलें म्हणजे महाग पडतें, तें असें.

त्याच धर्तीच्या गोळीची एन्फील्ड बंदूक हिंदी शिपायांच्या हातीं देण्याचें ठरलें. तिच्या काडतुसाच्या कागदाला लावलेल्या चरबीवरून १८५७ सालीं काय झालें तें सांगण्याची गरज नाहीं. दक्षिणेंतील फुंकनळीची युक्ति विलायतेस जाऊन त्या रूपानें परत आली.

पुढें १८८२ सालीं स्वित्झर्लंडांत रुबिननें शिशावर तांब्याचें कवच चढविलें, आणि दोनच वर्षांनीं फ्रान्समध्यें व्हिएलनें बिनधुराची दारू सिद्ध केली. गोळीचा वेग एकदम वाढला. मग टोंकाकडे लक्ष गेलें, आणि तें दोन निरनिराळ्या हेतूंनीं. कलकत्त्याजवळ डमडम येथील कारखान्यांत कॅप्टन बर्टी-क्ले यानें टोंकावरचें कवच काढून शिसें उघडें ठेवलें. अशी गोळी शरीरांत शिरतांच पसरते व भयंकर जखम करते. १८९९ च्या हेगच्या परिषदेनें पसरणाऱ्या गोळ्यांचा निषेध केला. ब्रिटननें तो मान्य करण्यास १९०७ साल उजाडलें. दुसरीकडे फ्रेंचांनीं १८९८ सालीं व मागोमाग जर्मनांनीं अणकुचीदार गोळी घेतली. ब्रिटिशांची २१५ ग्रेनांची बोथट गोळी सेकंदास २,०६० फूट जाई. १९१० सालची १७४ ग्रेनांची टोंकदार गोळी २,४४० फूट जाऊं लागली. टोंकाचा महिमा सिद्ध झाला असें सर्वांस वाटलें.

परंतु वेग वाढला म्हणजे नेम सुधारला असें नव्हे. अमेरिकेंत मॅसाच्युसेट्समधील मिलफर्ड गांवीं डॉ. फ्रँकलिन मॅन हा वैद्यकाची पदवी मिळविलेला गृहस्थ याच प्रश्नानें पछाडला होता. कोंबड्यांच्या खाद्यासाठीं हाडें कापण्याचें यंत्र काढून त्यानें पैसा मिळविला आणि तो बंदुकांच्या प्रयोगांत ओतला. माणसाच्या हाताचा व डोळ्याचा दोष वगळावा म्हणून त्यानें जमिनींत काँक्रीटचा भक्कम खांब पुरून त्यावर नळी बसविली. गोळीच्या मार्गांत कागदाचे पडदे टांगले, म्हणजे भोंकांवरून ती वाटेंत कशी डुलते तें कळावें. मग त्यानें एक गोष्ट केली, जी कोणत्याही नेमबाजाला पाप वाटली असती. चांगल्या गोळ्या त्यानें मुद्दाम बिघडविल्या. कांहींचीं टोंकें विद्रूप केलीं, कांहींचीं बुडें.

टोंक बिघडलेल्या गोळ्या जवळपास नेहमींच्याच जागीं लागल्या. ज्यांच्या बुडाची कड बिघडली होती त्या दूर भरकटल्या. कारण सरळ होतें. गोळी नळीबाहेर पडते त्या क्षणीं मागचा वायु बुडाच्या कडेनें सुटतो. कड एकीकडे तुटकी असेल तर तो तेथून आधीं निसटतो व गोळीला तिरपा धक्का देतो. गोळीच्या वजनाचा मध्य तिच्या फिरण्याच्या आंसावर नसेल तरीही ती वांकडी जाते. हें सर्व त्यानें १९०९ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. वर्षानुवर्षें टोंकें घासणाऱ्यांना तें रुचलें नसेल.

तरी टोंकाचा प्रश्न मिटला नाहीं, कारण मॅनचें निशाण जवळचें होतें. आजच्या स्पर्धेंतील गोळी मॅनला पटेल अशीच करतात. तांब्याच्या वाटींत शिसें दाबून वाटीचें अखंड तळ मागें ठेवतात, आणि वाटीचें तोंड पुढें ओढून मिटवितात. साहजिकच टोंकाशीं एक बारीक भोंक व ओबडधोबड कड राहते, आणि ती प्रत्येक गोळीस निराळी. शंभर यार्डांवर त्यानें कांहीं बिघडत नाहीं. हजार यार्डांवर मात्र कोणाला हवेचा अडथळा अधिक, कोणाला कमी, आणि गोळ्या वरखालीं पसरतात. म्हणून घरीं काडतुसें भरणारे शौकीन तें टोंक लहानशा कातरणीनें केसभर छाटून सर्व गोळ्या एकसारख्या करतात. छाटल्यामुळें टोंक किंचित् बोथट होतें व वेग थोडा लवकर ओसरतो. तो तोटा भरून काढण्यासाठीं कांहीं जण तेंच टोंक सांच्यांत दाबून पुन्हा मिटवितात.

या भोंकावरून एक जुना वाद पुन्हा उभा राहिला. हेगचा निषेध असतां सैनिकानें अशी गोळी वापरावी काय? १९९० सालीं अमेरिकन लष्कराच्या कायदेपंडितांनीं मत दिलें कीं, हें भोंक गोळी पसरावी म्हणून ठेवलेलें नाहीं, तें घडणीच्या रीतीमुळें राहतें. तेव्हां ही डमडमची गोळी नव्हे.