चूक करखात्याची, बिल कोणाच्या नावावर?

सप्टेंबर 2010 मध्ये ब्रिटनच्या करखात्याने जाहीर केले की मागच्या दोन वर्षांत जवळपास 60 लाख लोकांच्या पगारातून किंवा पेन्शनमधून चुकीचा आयकर कापला गेला आहे. 43 लाख लोकांचा जास्त कापला होता, त्यांना पैसे परत मिळणार होते. पण 14 लाख लोकांचा कमी कापला होता आणि त्यांच्याकडून सरासरी 1,400 पौंडांहून जास्त रक्कम वसूल होणार होती. यातल्या बहुतेकांनी आयुष्यात कधी स्वतःचा कर मोजला नव्हता. मोजायची त्यांना गरजच पडली नव्हती.

कारण तिथे 1944 पासून पगारातला कर मालकच कापतो. दुसऱ्या महायुद्धाच्या खर्चासाठी कारखान्यातला कामगार मोठ्या संख्येने आयकरात ओढला गेला. आठवड्याच्या पगारावर जगणारा माणूस वर्षाखेरीस एकरकमी कर कुठून भरणार? म्हणून ही पद्धत आली. करखाते प्रत्येकाला एक कोड देते, मालक त्या कोडप्रमाणे कापतो आणि कामगार विश्वास ठेवतो. एखाद्याच्या दोन नोकऱ्या असतील, किंवा नोकरी आणि पेन्शन दोन्ही असेल, तर करमुक्त उत्पन्नाची मर्यादा (2009-10 साली 6,475 पौंड) एकदाच धरायची असते. ती दोन्हीकडे धरली गेली की कर कमी कापला जातो, आणि त्या माणसाला पत्ताही लागत नाही. 2009 मध्ये खात्याने नवी संगणक प्रणाली आणून विखुरलेल्या नोंदी एका जागी जमवल्या, तेव्हा या चुका एकदम उघड्या पडल्या.

लोक भडकले. खात्याचे वरिष्ठ अधिकारी डेव्ह हार्टनेट रेडिओवर म्हणाले की माफी मागायची गरज वाटत नाही. त्याच दिवशी त्यांना माफी मागावी लागली. 300 पौंडांपर्यंतची बाकी सोडून देण्यात आली. आधी ही मर्यादा 50 पौंड होती. 2,000 पौंडांखालची बाकी पुढच्या वर्षीच्या पगारातून थोडी थोडी कापायची आणि कोणाची फारच ओढाताण होत असेल तर तीन वर्षे मुदत द्यायची, असे ठरले. शिवाय एक जुनी सवलत होतीच: माहिती खात्याकडे वेळेवर पोचली होती पण खात्यानेच ती वापरली नाही, तर बाकी माफ होऊ शकते. (आपल्याकडेही आयकर कायदा सांगतो की मालकाने पगारातून टीडीएस कापला असेल, तर तेवढा कर पुन्हा कर्मचाऱ्याकडून मागता येत नाही, मालकाने तो सरकारकडे भरला नसला तरी. किती कंत्राटी कामगारांना हे माहीत आहे?)

कर कसा असावा याबद्दल ॲडम स्मिथने 1776 मध्ये चार नियम सांगितले. त्यातला दुसरा नियम निश्चिततेचा: किती, कधी आणि कसा भरायचा हे करदात्याला आधीच स्वच्छ कळले पाहिजे, नाहीतर तो वसुली करणाऱ्याच्या मर्जीवर जगतो. स्मिथला तर करातली बरीचशी विषमताही थोड्याशा अनिश्चिततेपेक्षा कमी वाईट वाटत होती. विषमतेबद्दलचा हा हिशेब आपल्याला पटणारा नाही, पण मर्जीवर जगणे म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. स्मिथच्या या ग्रंथाची 1904 ची प्रसिद्ध आवृत्ती संपादित केली एडविन कॅनन यांनी, म्हणजे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या बाबासाहेबांच्या गुरूंनी. कोलंबियातले त्यांचे दुसरे गुरू सेलिगमन यांनी 1911 मध्ये आयकरावरच ग्रंथ लिहिला होता. बाबासाहेबांना आपण संविधानापुरते आठवतो. ते सार्वजनिक वित्ताचे अभ्यासक होते हे आपल्याच सभांमधून क्वचित ऐकू येते. 1927 मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी नेमके आयकराचे उदाहरण घेतले होते. ज्याचे उत्पन्न नाही त्याला आयकर नाही, मग पीक बुडाले तरी गरीब शेतकऱ्याला शेतसारा का? एक एकरवाल्याला आणि जहागीरदाराला एकच दर का? भरणाऱ्याची ऐपत बघा, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

ही कसोटी हातात घेऊन आता ब्रिटनच्या शेजारच्या नेदरलँड्समध्ये काय घडले ते बघा.

तिथे नोकरी करणाऱ्या आईबापांना पाळणाघराच्या खर्चासाठी उत्पन्नानुसार भत्ता मिळतो. हा भत्ता करखातेच अंदाजाने आगाऊ देत असे आणि नंतर हिशेब करून फरक मागत असे. 2013 मध्ये परदेशी टोळ्यांनी भत्ते लाटल्याचे प्रकरण गाजले आणि खाते कडक झाले. एखादी पावती नाही, पालकांचा स्वतःचा थोडासा वाटा भरल्याचा पुरावा नाही, एवढ्यावरून अख्ख्या वर्षाचा भत्ता परत मागितला गेला. बिले हजारो युरोंची, कित्येकदा लाखाच्या घरात जाणारी. 'हेतुपुरस्सर किंवा घोर निष्काळजीपणा' असा शेरा पडला की हप्तेही बंद. लोकांची घरे गेली, नोकऱ्या गेल्या, संसार मोडले. या कुटुंबांतली हजाराहून अधिक मुले सरकारी आदेशाने आईबापांपासून वेगळी काढली गेली.

हे कोणाच्या वाट्याला आले? बहुतांशी कमी पगाराच्या, आणि त्यातही तुर्की, मोरोक्कन, कॅरिबियन मुळाच्या कुटुंबांच्या. सुमारे 11,000 लोकांची दुहेरी नागरिकत्वामुळे जादा तपासणी झाली, हे खात्याने 2020 मध्ये स्वतःच मान्य केले. संशय कोणावर घ्यायचा हे संगणक सांगत होता, आणि नागरिकत्व काय आहे ही गोष्ट त्या संगणकाच्या गणितात धरलेली होती. जन्मावरून संशय घेणारी ही यंत्रणा चालवायला मनुस्मृती लागली नाही, एक सॉफ्टवेअर पुरले.

ब्रिटनमध्ये माफी आठवड्याभरात आली. नेदरलँड्समध्ये लोकपालांनी 2017 मध्येच खात्यावर ठपका ठेवला, तरी वसुली चालू राहिली. सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठ वर्षानुवर्षे खात्याच्याच बाजूने निकाल देत राहिले. ऑक्टोबर 2019 मध्ये त्याने भूमिका बदलली. दोन्हीकडे हिशेब सरकारचाच चुकला होता. ब्रिटनमधला पेन्शनर वर्तमानपत्राला पत्र लिहू शकत होता आणि त्याचे पत्र छापले जात होते. रॉटरडॅममध्ये सफाई करणाऱ्या आईचे पत्र तिच्या अपराधाच्या फायलीत जात होते.

डिसेंबर 2020 मध्ये संसदीय समितीने याला 'अभूतपूर्व अन्याय' म्हटले. 15 जानेवारी 2021 रोजी मार्क रुट यांच्या सरकारने राजीनामा दिला. मार्चमधल्या निवडणुकीत त्यांचाच पक्ष पुन्हा पहिला आला आणि जानेवारी 2022 मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले. करखात्यात संस्थात्मक वंशवाद होता हे सरकारने मान्य केले ते त्यानंतर, मे 2022 मध्ये. पीडित पालकांना 30,000 युरो द्यायचे ठरले, पण फायली तपासण्यातच वर्षे गेली.

त्याआधी, 2019 च्या अखेरीस, काही पालकांनी आपल्यावर नेमका काय आरोप होता ते कळावे म्हणून खात्याकडून आपापली फाईल मागून घेतली. हातात आलेल्या गठ्ठ्यात पानेच्या पाने काळ्या शाईने खोडलेली होती.