सुरगाणा पट्ट्यातील मुलींच्या खेळांची वाटचाल

गुजरातच्या सीमेला लागून असलेला सुरगाणा तालुका १९४८ पर्यंत एक लहानसे संस्थान होता, आणि नाशिक जिल्ह्यात विलीन झाल्यानंतरही येथील कोकणा, वारली, महादेव कोळी आदी समाजांच्या पाड्यांपर्यंत, म्हणजे मूळ गावापासून अलग वसलेल्या छोट्या वस्त्यांपर्यंत, शाळा आणि रस्ते सावकाशच पोहोचले. त्यामुळे वांद्र्याच्या मेरी डिसोझा आणि बंगालच्या नीलिमा घोष या १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये धावल्या, तरी शहरी मैदानांवर उघडलेल्या त्या वाटेचा लाभ या डोंगराळ पट्ट्याला झाला नाही.

लांब पल्ल्याचे धावणे तर जगभरच स्त्रियांना उशिरा मोकळे झाले. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये महिलांची ८०० मीटरची शर्यत झाली, परंतु एवढे अंतर स्त्रीदेहाला झेपत नाही असा ग्रह करून ती १९६० पर्यंत वगळण्यात आली. १०,००० मीटर, म्हणजे ४०० मीटरच्या धावमार्गाच्या २५ फेऱ्या, महिलांसाठी ऑलिंपिकमध्ये आली ती १९८८ साली सोलमध्ये. त्याच्या तीनच वर्षे आधी जन्मलेल्या कविता राऊत यांनी पुढे हाच पल्ला आपला केला.

हरसूलजवळचे त्यांचे सावरपाडा हे गाव त्र्यंबकेश्वर तालुक्यात असले, तरी तेथील चढउतार, पाण्यासाठीची पायपीट आणि अनवाणी चाल सुरगाण्याच्या मुलींना अनोळखी नव्हती. नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्याकडे घडलेल्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले; या स्पर्धेत ट्रॅकवरील वैयक्तिक पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या, आणि त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्यांनी रौप्यपदकही जिंकले. या पदकांचे खरे मोल असे की, मुलीच्या धावण्यातून काय निष्पन्न होणार, या घरच्या प्रश्नाला प्रथमच आपल्याच जिल्ह्यातील, आपल्यासारख्याच घरातील उत्तर मिळाले. विजेंद्र सिंग यांच्याच हाताखाली तयार झालेल्या चांदवड तालुक्यातील संजीवनी जाधव यांनी २०१७ च्या भुवनेश्वर आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ५,००० मीटरचे कांस्यपदक मिळवून ही परंपरा पुढे नेली.

सुरगाणा तालुक्यात मात्र मुलींचा ठसा अधिक उमटला तो खो-खोत, आणि हे स्वाभाविकच होते. आठ खेळाडू आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात आणि नववा धावतो, अशा या खेळाला दोन खांब व सपाट जमीन यांपलीकडे फारसे काही लागत नाही. महागडे बूट किंवा कृत्रिम धावमार्ग नसलेल्या आश्रमशाळेला, म्हणजे आदिवासी मुलांच्या निवासी शाळेला, तो सहज परवडतो. मुली शाळेतच राहत असल्याने सकाळ-संध्याकाळ सलग सराव होतो, जो रोज घरी परतणाऱ्या आणि घरकामात गुंतणाऱ्या मुलीला मिळणे कठीण असते. अलंगुण परिसरातील मुली याच वाटेने नाशिक जिल्ह्याच्या आणि महाराष्ट्राच्या संघांपर्यंत पोहोचल्या.

महाराष्ट्राच्या सारिका काळे यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २०२५ मध्ये प्रियंका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकला, त्यामुळे या खेळातील मुलींपुढे आता मोठे ध्येय आहे. परंतु आश्रमशाळेचा आधार दहावी-बारावीपर्यंतचाच असतो, आणि खेळाडूची खरी उमेद ज्या वयात फुलते त्याच वयात वसतिगृह, आहार व प्रशिक्षक हे तिन्ही एकदम सुटतात. सुरगाण्याच्या अनेक गुणी मुलींचा खेळ तेथेच थांबण्याचा धोका असतो.