‘टाकीजवळ थांबा’ : संभाजीनगर शहर आणि गावागावांतल्या जलकुंभांची माहिती

पाहुणा पहिल्यांदा गावात येणार असेल तर फोनवर पत्ता एकच सांगितला जातो : “टाकीजवळ थांबा, पोरगं पाठवतो.” मोबाइलवर नकाशा आला, लोकेशन पाठवता येऊ लागलं, तरी ही सवय काही सुटलेली नाही. रस्त्याने येताना देवळाच्या कळसाबरोबर लांबून दिसते ती पाण्याची टाकीच. शहरातही तसंच. छत्रपती संभाजीनगरमध्ये सिडको एन-५ किंवा एन-७ चा जलकुंभ म्हटलं की रिक्षावाल्याला पुढचं काही सांगावं लागत नाही.

पण टाकी ही फक्त पत्त्याची खूण नाही. घरातल्या नळाला येणारी धार, पाण्याची शुद्धता आणि खालून ये-जा करणाऱ्यांची सुरक्षा हे सगळं तिच्याशी जोडलेलं आहे. म्हणून तिची ही माहिती.

टाकी उंचावर का बांधतात?

उत्तर सोपं आहे. पाणी उंचावर असलं की ते स्वतःच्या वजनाने खाली येतं आणि नळात दाब तयार होतो. साधारण १० मीटर उंचीमागे दर चौरस सेंटिमीटरला १ किलो दाब मिळतो. टाकी १२ मीटर उंच असेल तर तिच्या पायथ्याशी सव्वा किलोच्या आसपास दाब असतो.

इथे एक गैरसमज बऱ्याच गावांत आहे. टाकी मोठी बांधली की पाणी जोरात येईल, असं लोकांना वाटतं. दाब टाकीच्या आकारावर नाही, उंचीवर ठरतो. एक लाख लिटरची आणि दोन लाख लिटरची टाकी सारख्याच उंचीवर असेल, तर दाबही सारखाच. मोठ्या टाकीत पाणी जास्त वेळ पुरतं, एवढाच फरक. शेवटच्या गल्लीत पाणी पोहोचत नसेल तर आधी वाहिनीची गळती, वाहिनीचा व्यास आणि नळाला लावलेल्या टिल्लू मोटारी तपासायला हव्यात.

दुसरं कारण विजेचं. मोटर चालते ती लाइट असेल तेव्हा. लाइट रात्री दोनला आली तर मोटर तेव्हा चालवायची, टाकी भरून ठेवायची आणि पाणी सकाळी सोडायचं. टाकी नसती तर अख्खं गाव लाइटच्या वेळेला हंडे घेऊन उठलं असतं.

जिथे गावाला लागून टेकडी आहे तिथे खांबांची गरज पडत नाही. टेकडीवर बैठी टाकी बांधली की काम भागतं. मुंबईत मलबार हिलवर हेच केलेलं आहे. तिथल्या प्रसिद्ध हँगिंग गार्डनच्या खाली पाण्याचा मोठा साठा आहे. सपाट मुलखात टेकडी नसते, म्हणून सिमेंटच्या खांबांवर ती उंची तयार करावी लागते.

पाणचक्कीचे मनोरे

संभाजीनगरला पाण्याचे मनोरे नवे नाहीत. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने खडकी, म्हणजे आजचं शहर, वसवलं. गावाला पाणी हवं म्हणून त्याने नहर-ए-अंबरी बांधली. शहराच्या उत्तरेकडचा भाग उंच, तिथलं जमिनीतलं पाणी अडवून ते बंद वाहिन्यांतून उताराने शहरात आणलं. ना मोटर, ना लाइट. पुढच्या काळात अशा आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीला येणारी नहर जटवाड्याच्या डोंगराकडून येते.

या नहरींवर मध्येमध्ये दगड-विटांचे मनोरे बांधलेले असत. उंचावरून निघालेलं पाणी बंद नळातून आलं की ते मनोऱ्यात वर चढतं आणि दुसऱ्या बाजूने पुढे उतरतं. या चढ-उतारात वाहिनीत अडकलेली हवा बाहेर पडते, गाळ खाली बसतो आणि दाबाने खापरी नळ फुटण्याचा धोका कमी होतो. पाणचक्कीला गेलेल्यांनी उंच भिंतीवरून हौदात पडणारं पाणी पाहिलेलं असेल. ते याच तंत्राने वर चढतं. त्या पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि दर्ग्यात येणाऱ्या फकीर-यात्रेकरूंसाठी पीठ दळलं जायचं.

सोलापूरच्या पलीकडे विजापुरातही आदिलशाही काळातले असे पाण्याचे मनोरे आहेत. तिथे त्यांना ‘गंज’ म्हणतात. काम तेच : हवा सोडणं, गाळ बसवणं, दाब तोडणं.

आता पाणी दक्षिणेकडून, तेही चढावर

आजचं शहर मुख्यतः जायकवाडीवर जगतं. अडचण अशी की धरण खाली आणि शहर वर. नाथसागराची पूर्ण पातळी १५२२ फूट आहे. शहराची उंची त्याहून साधारण ३०० फुटांनी जास्त. म्हणजे पूर्वी उताराने येणारं पाणी आता सुमारे ४० किलोमीटर चढवत आणावं लागतं.

हे पाणी आधी पैठण तालुक्यातल्या फारोळ्याच्या शुद्धीकरण केंद्रात येतं. तिथून ते पैठण रोडवरच्या नक्षत्रवाडीच्या टेकडीवर चढवलं जातं. टेकडीवरच्या टाकीतून पुढे ते उताराने शहरातल्या जलकुंभांत जातं. मधे कुठेही वीज गेली किंवा वाहिनी फुटली की शहराचं पाणी एक-दोन दिवसांनी पुढे ढकललं जातं. त्याचं मूळ या चढाईत आहे. वर्षानुवर्षं शहराची तहान ७०० आणि १४०० मिलिमीटर व्यासाच्या जुन्या वाहिन्यांवर भागली. नव्या योजनेत २५०० मिलिमीटरची वाहिनी आणि ५० हून अधिक जलकुंभ धरलेले आहेत. शहराच्या कडेला नवीन वसाहतींत दिसणाऱ्या उंच टाक्या त्यातल्याच.

जिथे वाहिनी नाही तिथे टँकर जातो, आणि टँकर भरतो तो जलकुंभावर. त्यामुळे उन्हाळ्यात सिडकोच्या जलकुंभाबाहेर टँकरची रांग दिसली की शहरात टंचाई किती आहे ते न विचारता कळतं.

टाकीवरची अक्षरं वाचा

गावची टाकी म्हणजे गावाच्या पाणी योजनांची वहीच असते. तिच्यावर योजनेचं नाव, क्षमता, उंची आणि बांधकामाचं वर्ष रंगवलेलं असतं. ‘जलस्वराज्य’ लिहिलं असेल तर टाकी या शतकाच्या पहिल्या दशकाच्या आसपासची. ‘राष्ट्रीय ग्रामीण पेयजल’ असेल तर २००९ नंतरची. ‘मुख्यमंत्री ग्रामीण पेयजल’ असेल तर २०१६ नंतरची आणि ‘जल जीवन मिशन’ असेल तर २०१९ नंतरची.

जुन्या योजना माणशी रोज ४० लिटर धरून आखलेल्या होत्या. जल जीवन मिशनमध्ये ५५ लिटर धरतात. हिशेब घरी करता येतो. गावाची लोकसंख्या २,००० असेल तर रोज २,००० × ५५ = १,१०,००० लिटर पाणी लागतं. टाकी दिवसातून दोनदा भरत असेल तर ५५ हजार लिटरची टाकीही पुरते. एकदाच भरत असेल तर नाही. आपल्या टाकीवरचा आकडा आणि हा हिशेब ताडून पाहिला तर पाणी कमी का पडतं, ते ग्रामसभेत आकड्यानिशी बोलता येतं.

टाकीच्या पोटात

टाकी बाहेरून कितीही रंगवलेली असो, पिण्याचं पाणी आतून येतं. तळाला गाळ बसतो, झाकण उघडं राहिलं तर पक्षी, पालापाचोळा आत जातो. म्हणून टाकी ठरावीक काळाने धुवायची आणि धुतल्याची तारीख टाकीवर लिहायची पद्धत आहे. तारीख जुनी असेल किंवा जागा कोरी असेल तर ग्रामपंचायतीत विचारायला हरकत नाही.

टाकीत ब्लिचिंग पावडर (टीसीएल) टाकल्यावर साधारण अर्धा तास तरी पाणी तसंच ठेवावं लागतं, तेव्हा जंतू मरतात. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं. ते ओटी चाचणीत कळतं : पाण्यात द्रावणाचे थेंब टाकले की पाणी पिवळसर होतं. रंगच आला नाही तर क्लोरीन नाही. ही चाचणी टाकीखालच्या नळाला नाही, गावाच्या शेवटच्या घरात करायची. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण द्यायचं असतं. आपल्या गावात त्या कोण, हे माहीत असलेलं बरं.

आरोग्य विभाग पावसाळ्यापूर्वी आणि नंतर पाणी स्रोतांची पाहणी करून गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतो. लाल म्हणजे धोका जास्त.

जुनी टाकी : खूण की धोका?

बऱ्याच गावांत आज दोन टाक्या दिसतात. एक नवी, एक जुनी. जुनीचं प्लॅस्टर सुटलेलं, खांबातल्या सळया गंजून बाहेर आलेल्या, आणि तरीही पार तिच्याच सावलीत. शेळ्या तिथेच बांधायच्या, पोरं तिथेच खेळायची.

पाण्याचं वजन लक्षात घ्या. एक लाख लिटर म्हणजे १०० टन. उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांचे पाच-सहा ट्रॅक्टर एकावर एक रचून चार-सहा खांबांवर ठेवल्यासारखं. डिसेंबर २०२३ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बर्धमान रेल्वे स्थानकावरची इंग्रजांच्या काळातली टाकी फुटून प्रवाशांचा जीव गेला. जून २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात मथुरेला टाकी कोसळून बळी गेले, आणि ती टाकी अवघ्या काही वर्षांपूर्वी बांधलेली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये भोसरीत मजुरांच्या वसाहतीतली टाकी कोसळून पाच मजूर दगावले. म्हणजे जुनी तेवढीच धोक्याची, असं नाही. बांधकाम कच्चं असेल तर नवीही पडते.

याउलट कोलकात्याची टाला टाकी पाहा. १९११ मध्ये सुरू झालेली, जमिनीपासून सुमारे ११० फूट उंच, क्षमता ९० लाख गॅलन म्हणजे ४ कोटी लिटर. शंभरी उलटली तरी ती शहराला पाणी देते. तिचे आत चार कप्पे आहेत, त्यामुळे एक रिकामा करून दुरुस्त करताना बाकीचे चालू ठेवता येतात. देखभाल केली तर टाकी टिकते.

शिडीचं काय?

१९७५ च्या ‘शोले’त वीरू टाकीवर चढला आणि तेव्हापासून मागणी मान्य होत नसली की ‘शोले स्टाइल’ आंदोलन ठरलेलं. मात्र सिनेमातला वीरू सुखरूप उतरला, गंजलेल्या शिडीवर तशी खात्री नाही. लहान मुलंही सेल्फीसाठी चढतात. शिडीची खालची पायरी हाताला लागणार नाही अशी ठेवणं किंवा तिला कुलपाचं दार लावणं हा साधा उपाय आहे.

गावकऱ्यांनी एवढं पाहावं

• खांबांना तडे, बाहेर आलेल्या सळया, सतत ठिबकणारं पाणी दिसतंय का? दिसत असेल तर फोटो काढून ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या आणि पोहोच घ्या.
• टाकी धोकादायक वाटत असेल तर ग्रामसभेत ठराव घेऊन पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडे तपासणीची मागणी करा. वापरात नसलेली टाकी पाडण्याआधी तिच्या निर्लेखनाचा प्रस्ताव करावा लागतो. तो कुठे अडलाय ते विचारा.
• तोपर्यंत टाकीखाली जनावरं बांधू नका, बाजार भरवू नका, मुलांना खेळू देऊ नका.
• नव्या टाकीचं काम चालू असताना क्षमता, उंची आणि ठेकेदाराचं नाव असलेला फलक लागलाय का ते पाहा. ताब्यात घेण्याआधी टाकी पूर्ण भरून गळती तपासायला सांगा.
• टाकी धुताना माणसाला एकट्याने आत उतरवू नका. झाकण आधी उघडून हवा जाऊ द्या आणि बाहेर दोघं थांबा.

पाहुण्याला ‘टाकीजवळ थांबा’ सांगण्याआधी ती टाकी थांबण्यासारखी आहे का, हे एकदा वर मान करून बघायला दोन मिनिटं लागतात.