हलक्या दाबाची कुळकथा

कठीण वस्तूला चकाकी आणायची तर जोर लावून घासायला हवं, असं कुणालाही वाटेल. सिलिकॉन नायट्राइडने हा समज खोटा पाडला. हे सिरॅमिक पोलादाहून कठीण आणि वजनाला त्याच्या निम्म्याहून कमी, म्हणून वेगवान बेअरिंगच्या छर्‍यांसाठी उत्तम, पण ठिसूळ. दाब जरा जास्त झाला की पृष्ठभागाखाली बारीक तडे जातात आणि पुढे बेअरिंग फिरताना तिथूनच टवका उडतो. चर पाडलेल्या तबकड्यांत हिर्‍याच्या भुकटीने छर्रे घासण्याच्या जुन्या पद्धतीला कित्येक आठवडे लागत.

यावरचा उपाय निघाला रॉकेटच्या इंधनातून. अवकाशात वजन नसताना टाकीतलं इंधन पंपाच्या तोंडाशी आणायचं कसं, या प्रश्नासाठी नासाच्या स्टीव्ह पॅपेल यांनी 1963 मध्ये क्लीव्हलंडला मॅग्नेटाइटचे अतिसूक्ष्म कण मिसळलेला द्रव तयार केला. इंधनाच्या कामी तो रुजला नाही. पुढे रोनाल्ड रोझेन्स्वाइग यांनी त्याचं शास्त्र उभं केलं. असा द्रव चुंबकाकडे ओढला जातो, तेव्हा त्यात बुडालेली अचुंबकीय वस्तू उलट्या दिशेला ढकलली जाते, हे त्यांनी दाखवलं. पॉलिशची सारी भिस्त या एका गोष्टीवर आहे.

1984 मध्ये जपानच्या तानी आणि कावाता यांनी या द्रवात सिलिकॉन कार्बाइडची भुकटी घालून अ‍ॅक्रिलिक गुळगुळीत केलं. सिरॅमिकला मात्र नुसत्या कणांचा रेटा पुरेना. तोहोकू विद्यापीठातल्या कातो आणि उमेहारा यांनी मग छर्‍यांखाली एक अचुंबकीय तरंगती चकती ठेवली. माझ्या मते या घराण्याची खरी कर्ती ही चकतीच.

भांड्याच्या तळाशी उत्तर-दक्षिण ध्रुव आलटूनपालटून मांडलेले चुंबक, वर द्रव, द्रवात चकती, चकतीवर छर्रे आणि वरून टेकणारं फिरतं स्पिंडल. स्पिंडल खाली आणावं तशी चकती चुंबकांजवळ जाते आणि तिचा वर रेटण्याचा जोर झपाट्याने वाढतो. तरीही एका छर्‍यावर भार येतो जेमतेम 1 न्यूटन, म्हणजे हातावर शंभरेक ग्रॅमचं वजन ठेवावं तितका. खाली द्रव असल्यामुळे एखादा छर्रा किंचित मोठा निघाला तरी त्याच्यावर एकदम भार चढत नाही.

पण घासता घासता छर्रे झिजतात, चकती वर सरकते आणि जोर उतरतो. अंदाजाने स्पिंडल खाली घ्यावं तर तड्यांची भीती. म्हणून भांडं डायनॅमोमीटरवर ठेवून कोणत्या अंतराला किती जोर येतो हे आधी मोजून ठेवायचं आणि स्पिंडल तेवढंच उतरवायचं. 1990 च्या दशकात ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात रंगा कोमांदुरी यांच्या गटाने हे तंत्र बारकाईने बसवलं. शेवटचा हात त्यांनी सिलिकॉन नायट्राइडहून मऊ असलेल्या सेरियम ऑक्साइडने फिरवला. तिथे रासायनिक क्रियाही घासण्याला मदत करते. आठवड्यांचं काम सुमारे 20 तासांवर आलं.

काच आणि भिंगांसाठीची चुलत शाखा मिन्स्कमधून रॉचेस्टरला पोचली. तिच्यात लोखंडाच्या कणांचा द्रव चुंबकाजवळ घट्ट होतो आणि तोच घासतो. दाब गुणिले वेग या हिशोबाने पदार्थ निघतो, असं प्रेस्टन यांनी 1927 मध्ये काचेबद्दल मांडलं होतं. रॉचेस्टरच्या संशोधकांनी 2009 मध्ये काच दाबणारा आणि तिला फरफटवणारा असे दोन्ही जोर एकाच वेळी मोजले. या पद्धतीत काच किती निघेल हे फरफटीच्या जोरावर ठरतं, असं त्यांना आढळलं आणि प्रेस्टनच्या सूत्रात दाबाच्या जागी त्यांनी तोच जोर बसवला.