शर्करा-अल्कोहोल, एक चुकीची बाटली आणि करमाळ्याचा गोठा

१/ करमाळा तालुका पर्जन्यछायेतला. उजनीच्या फुगवट्यालगत ऊस उभा राहतो. उरलेल्या जिरायत पट्ट्यात ज्वारी पावसाच्या भरवशावर असते. अशा मुलखात पीक हातचे गेले तरी घरात रोकड आणणारी वस्तू म्हणजे दूध. या दुधाच्या इतिहासात ग्लिसरॉल नावाच्या एका शर्करा-अल्कोहोलाचा मोठा वाटा आहे.

२/ येथे अल्कोहोल म्हणजे मद्य नव्हे. रेणूतील प्रत्येक कार्बनला एकेक हायड्रॉक्सिल गट जोडलेला असतो, म्हणून हे नाव. सॉर्बिटॉलमध्ये असे सहा कार्बन, झायलिटॉलमध्ये पाच, तर ग्लिसरॉलमध्ये अवघे तीन. औषधांच्या दुकानात मिळणारे ग्लिसरीन ते हेच. स्वीडनमधील रसायनज्ञ कार्ल शीले याने १७७९ मध्ये ऑलिव्ह तेल मुरदाडशिंगासह तापवून हा गोड, दाट द्रव प्रथम वेगळा केला.

३/ साबण करताना तो आपोआप हाती येई. १८४७ मध्ये सोब्रेरोने त्यापासून नायट्रोग्लिसरीन बनवले आणि १८६७ मध्ये नोबेलने डायनामाइटचे पेटंट घेतले. पहिल्या महायुद्धात जर्मनीला चरबीचा तुटवडा भासला, तेव्हा साखर आंबवताना सल्फाइट घालून यीस्टकडून ग्लिसरॉल तयार करवून घेण्यात आले. साखरेची स्फोटके झाली!

४/ पुढे याच द्रवाने जीव राखण्याचे काम केले. १९४९ मध्ये लंडनच्या मिल हिल येथील प्रयोगशाळेत ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्रे स्मिथ आणि ॲलन पार्क्स कोंबड्याचे वीर्य गोठवून पाहत होते. फळशर्करेचे द्रावण निष्प्रभ ठरत होते. मात्र एका बाटलीतील द्रावणात शुक्रजंतू गोठूनही जिवंत राहिले. तपासणीत त्या बाटलीत शर्करा आढळलीच नाही. होते ते ग्लिसरॉल व प्रथिन. शीतगृहात लेबलांची अदलाबदल झाली होती.

५/ पाणी गोठू लागले की उरलेल्या द्रवात क्षार दाट होत जातात आणि पेशी मरते. ग्लिसरॉल पेशीत शिरते, पाण्याला धरून ठेवते आणि क्षारांची ही तीव्रता रोखते. जेम्स लव्हलॉक यांनी १९५३ मध्ये तांबड्या रक्तपेशींवरील प्रयोगांतून हे उलगडले. केवळ थंड केलेले वीर्य काही दिवसच टिके. द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला गोठवलेले वीर्य दशकानुदशके टिकते.

६/ महाराष्ट्रात या शोधाचे नाव मणिभाई देसाई यांच्याशी जोडले गेले. १९४६ मध्ये गांधीजींनी उरुळी कांचन येथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला आणि त्याची धुरा मणिभाईंकडे सोपवली. त्यांनीच १९६७ मध्ये ‘बाएफ’ ही संस्था स्थापिली. १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गोठवलेले वीर्य शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेणे हे या संस्थेचे मुख्य कार्य ठरले. उरुळी कांचन आणि करमाळा तालुक्यातील जेऊर ही एकाच पुणे–सोलापूर लोहमार्गावरील स्थानके आहेत.

७/ त्याचा अर्थ गोठ्यात कळतो. गाय माजावर आली की कृत्रिम रेतन करणारा कार्यकर्ता नायट्रोजनच्या भांड्यातून बारीक कांडी काढतो. दोन-चार जनावरे असलेल्या कुटुंबाला जातिवंत वळू पोसणे शक्य नसते. त्या कांडीमुळे त्याची गरजच उरत नाही. संकरित गाईंनी दुधाचे उत्पन्न वाढवले.

८/ या लाभाची किंमतही मोजावी लागली. सोलापूरच्या माळरानावर घडलेली खिल्लार ही मुख्यतः ओढकामाची जात. एकीकडे ट्रॅक्टर आला, दुसरीकडे दुधासाठी संकर वाढला आणि खिल्लारचा आधार ओसरला. आता खिल्लार वळूंचे वीर्यही ग्लिसरॉलच्याच आधाराने जतन करता येते.

९/ ग्लिसरॉल केवळ साधन आहे. नायट्रोजनच्या भांड्यात कोणती कांडी ठेवायची आणि कोणते वाण पुढच्या पिढीला द्यायचे, हे माणूस ठरवतो.