अरबी समुद्र : सागरी स्तर व जीवसृष्टी

हिंदी महासागराचा वायव्य भाग. क्षेत्रफळ सु. ३८,६२,००० चौ. किमी. उत्तरेस भूमीने बंदिस्त असल्याने या समुद्राचे जैविक स्तर केवळ प्रकाशावर नव्हे, तर पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवरही ठरतात.

किनारपट्टी व समुद्रबूड जमीन : भरती-ओहोटीच्या पट्ट्यात खडकांवर कालवे, खाडीच्या वाळूत तिसऱ्या, तर कांदळवनाच्या चिखलात खेकडे व निवट्या आढळतात. समुद्रबूड जमीन मुंबईसमोर सु. ३०० किमी. रुंद असून केरळकडे अरुंद होत जाते. गुजरात व उत्तर महाराष्ट्रासमोरचे उथळ, गढूळ पाणी हे बोंबलाचे मुख्य क्षेत्र. भरती-ओहोटीच्या ओढीत डोल जाळे लावून कोळी तो धरतात.

प्रकाशमय स्तर (२०० मी.पर्यंत) : नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे सोमालिया व ओमानच्या किनाऱ्यांलगत खालचे पोषकद्रव्ययुक्त पाणी वर येते. हिवाळ्यात उत्तर भागातील पृष्ठजल थंड व जड होऊन खालच्या पाण्यात मिसळते. अशा प्रकारे वर्षातून दोनदा वनस्पतिप्लवक फोफावतात. तारली व बांगडा प्लवकांवर जगतात, तर सुरमई व कुपा या लहान माशांवर. येथील कुबड देवमासे अन्य समुद्रांतील आपल्या जातभाईंप्रमाणे ध्रुवीय पाण्याकडे न जाता वर्षभर याच समुद्रात राहतात.

अल्प-प्राणवायू स्तर (सु. १५० ते १,००० मी.) : खाली झिरपणारे मृत प्लवक कुजवताना जीवाणू प्राणवायू संपवतात आणि ताज्या पाण्याचा पुरवठा मंद असल्याने तूट भरून निघत नाही. काही जीवाणू मग नायट्रेटवर श्वसन करतात व नायट्रोजन वायू मुक्त होतो. १९३३-३४ मध्ये ‘मबाहिस’ जहाजावरील जॉन मरी मोहिमेने या स्तराची पाहणी केली. जेमतेम बोटाएवढा कंदीलमासा दिवसा येथेच दडतो, कारण प्राणवायूची जास्त गरज असलेले भक्षक इथवर येत नाहीत. त्याच्या पोटाकडील प्रकाशबिंदू वरून येणाऱ्या अंधूक उजेडात त्याची सावली पुसतात. रात्री तो प्लवक खाण्यासाठी वर येतो.

खोल सागर : १,००० मी.खाली दक्षिणेकडून येणाऱ्या पाण्यामुळे प्राणवायू पुन्हा वाढतो. सिंधू नदीच्या गाळाने घडलेल्या सागरी मैदानावर समुद्रकाकड्यांसारखे प्राणी वरून पडणाऱ्या सेंद्रिय कणांवर गुजराण करतात.

मत्स्यव्यवसायावरील परिणाम : पावसाळ्याच्या उत्तरार्धात अल्प-प्राणवायू पाणी पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ तळावर चढते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तेथे काही वेळा हायड्रोजन सल्फाइडही आढळतो. अशा वेळी तळाशी राहणारे मासे व कोळंबी जागा सोडतात, त्यामुळे मासळी मिळण्याची ठिकाणे बदलतात.